मुलांना घेऊन तळ्याकाठी कॅम्पिंग, मासे पकडायचेत आणि आम्हा दोघांनाही काही येत नाही

दोघांची_आई

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही चौघं दोन रात्री तळ्याकाठी तंबू ठोकून राहणार आहोत. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा. कॅम्पिंगची तशी सवय आहे, तंबू, स्टोव्ह, स्लीपिंग बॅगा सगळं घरात आहे, पण या वेळी लेकीने कुठलेतरी व्हिडिओ बघून मासे पकडायचेच असा हट्ट धरलाय आणि प्रॉब्लेम असा की नवऱ्याने किंवा मी जन्मात कधी गळ हातात धरलेला नाही. नवरा दुकानात जाऊन आला, तिथे म्हणे भिंतभर काठ्या, रीळं, रंगीत रबरी मासे, शंभर तऱ्हेचे हुक, बिचारा गोंधळून रिकाम्या हाताने परत आला आणि आता ऑनलाइन १२० वस्तूंचा किट मागवू म्हणतोय. त्यातल्या ११० वस्तू कशाला असतात हेच आम्हाला कळणार नाही असा माझा अंदाज.

तर नेमकं काय घ्यावं? आमिष काय लावतात? (गांडुळं हाताळायची माझी तयारी नाही, पण वेळ आली तर डोळे मिटून करीन.) कुठे बसायचं, किती वेळ? मुलगा पाच मिनिटं एका जागी टिकत नाही त्याचं काय करायचं? आणि खरं सांगू का, मला मासा न मिळण्याचं टेन्शन नाहीये, मिळाला तर काय याचं आहे. तो तडफडणारा मासा गळातून सोडवणार कोण??

तळ्याकाठचा

ताई, तो १२० वस्तूंचा किट आधी कार्टमधून काढा. त्यातले बहुतेक नकली मासे असतात, ते सतत फेकून ओढत राहावे लागतात आणि नवख्या मुलांकडून ते पहिल्या झुडपात नाहीतर कुणाच्यातरी शर्टात अडकतात. तुम्हाला लागणार एक काठी, बारीक लाइन (म्हणजे गळाची दोरी), थोडे छोटे हुक, एक-दोन फ्लोट (पाण्यावर तरंगतो तो, मासा लागला की हलतो) आणि लाइनला चिमटायची बारीक वजनं. बास. एका खोक्यात मावतं.

मुलांसाठी काठी चार-पाच फुटांची, जास्त लांब नको, पेलत नाही. रीळ (लाइन गुंडाळायची फिरकी) घ्यायचंच तर ते बंद टोपणवालं बटणाचं घ्या, बटण दाबून धरायचं आणि काठी पुढे आणताना सोडायचं, एवढंच. उघड्या रीळावर लाइनचा गुंता झाला की तुमची अख्खी सकाळ तो सोडवण्यात जाते आणि तोवर मुलं दुसरं काहीतरी शोधतात. लाइन ४ ते ६ पौंडाची, म्हणजे साधारण दोन-तीन किलोचा ताण सोसणारी. जाड घेऊ नका, "मोठा मासा लागला तर" या विचाराने सगळे जाड घेतात आणि मग छोटे मासे जवळ येत नाहीत.

हुकांच्या नंबराचा घोळ लक्षात ठेवा, नंबर वाढतो तसा हुक लहान होतो. ८ किंवा १० नंबर घ्या. मुलांच्या बाबतीत मासा छोटा असला तरी चालतो, लागणं महत्त्वाचं, आणि छोटे मासे मोठा हुक नुसता कुरतडून आमिष पळवतात. फ्लोटचंही तेच, लिंबाएवढा लाल-पांढरा गोळा दिसायला छान दिसतो पण माशाने ओढला की त्यालाच तो जड लागतो आणि तो आमिष थुंकून मोकळा होतो. बारीक, लांबट फ्लोट घ्या आणि खाली वजन एवढंच लावा की त्याचं फक्त टोक पाण्यावर उभं राहील. वजन हुकाच्या वर साधारण वीतभर.

गाठ मात्र घरी शिकून जा, हे सांगून ठेवतो. लाइन हुकाच्या डोळ्यातून (वरच्या भोकातून) ओवायची, तिचं टोक मागच्या लाइनभोवती पाच-सहा वेळा गुंडाळायचं, मग डोळ्याशेजारी जो छोटा फासा राहतो त्यातून टोक घालायचं, त्याने जो मोठा फासा तयार होतो त्यातून परत एकदा, आणि आवळायच्या आधी थुंकीने ओलं करायचं. हे ओलं करणं लोक विसरतात. कोरडी लाइन आवळताना घासून तापते आणि नेमकी तिथेच कमजोर होते. आवळल्यावर वेटोळी एकावर एक नीट बसलेली दिसली पाहिजेत, वेडीवाकडी दिसली तर कापून परत. दोरीचा तुकडा आणि मोठी सेफ्टी पिन घेऊन टीव्हीसमोर बसून लेकीलाच शिकवा, ९ वर्षांच्या मुलीला सहज जमते आणि नंतर ती तुम्हाला शिकवेल.

जागा: खोल पाण्यात लांबवर फेकायची हौस नवख्यांना फार. मासे बहुतेक वेळा काठाजवळच असतात, जिथे सावली, पाणवनस्पती, पडलेलं झाड, दगड, छोटा धक्का असं काहीतरी आडोशाला असतं तिथे. वेळ पहाटे उजाडल्यावर किंवा संध्याकाळी ऊन उतरताना. भर दुपारी मासे खोल किंवा सावलीत जातात आणि मुलंही किरकिर करतात, तेव्हा दोघांनाही सोडून द्या. वारा पाठीमागून येईल अशी बाजू धरा, नाहीतर हलका फ्लोट फेकलेला परत तोंडावर येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही किंवा साहेब स्वतःसाठी काठी घेऊ नका. पहिल्या ट्रिपला मोठी माणसं आमिष लावायला, गुंता सोडवायला, मासा काढायला लागतात. ज्या बापाच्या हातात स्वतःची काठी असते त्याचं लक्ष स्वतःच्या फ्लोटवर असतं, मुलाच्या नाही, हे मी कितीतरी तळ्यांवर बघितलंय.

साधी_काठी

वरच्या प्रतिसादाला बऱ्यापैकी अनुमोदन पण रीळ कशाला म्हणतो मी? ५ वर्षांच्या पोराला रीळ म्हणजे खेळणं, ते फिरवतच बसणार आणि आमिष पाण्याबाहेर. सरळ एक बांबूची नाहीतर फायबरची बिनरीळाची काठी घ्यायची, टोकाला लाइन बांधायची, लाइनची लांबी काठीएवढी किंवा वीतभर कमीच. फेकायचं नाहीच, नुसतं झुलवून पाण्यात सोडायचं. मासा लागला की काठी उचलायची, मासा आपसूक हाताशी येतो. गुंता होत नाही, काही तुटत नाही, पाठीमागे कुणाच्या कानात हुक जात नाही. जगभर लोक पिढ्यानपिढ्या असेच मासे पकडत आलेत, रीळ तर फार नंतर आलं.

तळ्याकाठचा

@साधी_काठी, धाकट्यासाठी एकदम मान्य. मुलीला मात्र बटणवालं रीळ द्या, तिला "फेकायचं" असतं, तीच खरी मजा असते त्या वयात. जायच्या आधी मोकळ्या मैदानात सराव करून घ्या, हुक न लावता, लाइनच्या टोकाला खोडरबर बांधून आणि दहा-पंधरा पावलांवर बादली ठेवून. एकदा बादलीत पडलं की जो आरडाओरडा होतो तो ऐका.

नाइट_ड्युटी

मी दवाखान्यात काम करते त्यामुळे माझा प्रतिसाद थोडा नावडता असणार, पण वाचा.

पाण्याकाठी ५ वर्षांच्या मुलाला लाइफ जॅकेट. काठावर बसलं असेल तरी, पाणी गुडघाभर असेल तरी. आणि जॅकेट म्हणजे जॅकेट, दंडाला लावायचे फुगे किंवा पोहायची ट्यूब नाही. जॅकेट वयाप्रमाणे नाही, वजनाप्रमाणे असतं, त्यावर लिहिलेलं असतं, घालून खांद्यांना धरून वर उचलून बघायचं, हनुवटीवरून निसटलं तर मोठं आहे. लहान मुलांना मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या. बुडणारं मूल सिनेमात दाखवतात तसं हात हलवत ओरडत नाही, त्याला श्वास घ्यायलाच तोंड पाण्यावर येत नसतं तर ओरडणार कुठून. काही आवाज न होता मिनिटाच्या आत होऊन जातं. म्हणून दोघांपैकी एकाचं काम फक्त मुलांकडे बघणं, मोबाइल नाही, गप्पा नाही, आणि दर अर्ध्या तासाने पाळी बदला कारण माणसाचं लक्ष त्याहून जास्त टिकत नाही. धाकटा हाताच्या अंतरात हवा.

दुसरं म्हणजे डोळे. चौघांनाही गॉगल आणि टोपी, ढगाळ असलं तरी. उन्हासाठी नाही हो, उडत्या हुकासाठी. लाइन कुठेतरी अडकते, मूल जोरात ओढतं आणि हुक सुटून सरळ ओढणाऱ्याकडेच येतो. अडकली की मुलाने ओढायची नाही, मोठ्याला हाक मारायची हा नियम आधीच ठरवा.

हुकाच्या टोकाजवळ जो उलटा काटा असतो तो पकडीने दाबून सपाट करून टाका. मासे थोडे जास्त निसटतील, निसटू देत. सपाट केलेला हुक बोटात गेला तर ज्या वाटेने गेला त्याच वाटेने सरळ बाहेर येतो, माशालाही इजा कमी होते. काटा असलेला हुक खोल रुतला असेल तर कॅम्पवर व्हिडिओ बघून उपसाउपशी करू नका, लाइन कापा, हुक हलणार नाही असा बँडेजने धरून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ गेला तर अजिबात हात लावायचा नाही, दाब पडणार नाही असा कागदी पेला वरून झाकून तडक हॉस्पिटल. सगळ्यांची धनुर्वाताची लस झालेली आहे का ते आत्ताच बघून ठेवा.

अजून एक, काठ्या बऱ्याचदा कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. वर विजेच्या तारा असतील तिथे काठी उभी धरून चालायचं नाही आणि गडगडाट ऐकू आला की काठ्या खाली टाकून गाडीत. शेवटचा गडगडाट झाल्यावर निदान अर्धा तास परत यायचं नाही, मुलं कितीही रडली तरी.

दोघांची_आई

बाप रे. जॅकेटचं मी पोहायच्या ठिकाणापुरतंच धरलं होतं. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला मग मी नुसता बघ्याच का, मी म्हटलं हो 😀

पण माझ्या मूळ भीतीबद्दल कुणी बोलेना. मासा लागला, बाहेर आला, आता पुढे? आणि लेक जरा हळवी आहे, मासा तडफडताना बघून रडली तर?

गवताची_पात

मी दोन मुलींना घेऊन नेहमी जाते म्हणून लिहिते.

आधी मासा लागतो म्हणजे काय ते सांगते, कारण मुलं तिथेच चुकतात. फ्लोट आधी थरथरतो, बारीक हिसके बसतात, तेव्हा मासा नुसतं चाखत असतो, तेव्हा ओढलं तर आमिष रिकामं परत येतं. थांबायचं. फ्लोट तिरपा होऊन एका बाजूला चालू लागला किंवा टुपकन खाली गेला की मनगटाने हलकेच उचलायचं, झटका द्यायचा नाही. धाकट्याला मी असं सांगीन की फ्लोट दिसेनासा झाला की उचल. एवढाच नियम. आणि आमिषाचा तुकडा लहान घ्या, गांडूळ अख्खं लोंबत ठेवलं की मासे लोंबतं टोक खाऊन निघून जातात, हुक झाकेल इतकाच तुकडा पुरतो. गांडूळ नकोच वाटत असेल तर मक्याचे दाणे किंवा कणकेची घट्ट गोळी, पुष्कळ जातींचे मासे खातात. कणकेत थोडा कापूस पिंजून मळला तर गोळी पाण्यात सुटत नाही. पण खरं सांगू, मुलांना गांडुळांचं काहीच वाटत नाही, आपल्यालाच वाटतं.

आता मासा. पहिली गोष्ट, हात ओले करा. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो तो त्याचं जंतूंपासून रक्षण करतो, कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरलं की तो निघून जातो आणि सोडलेला मासा नंतर मरू शकतो. गरम दगडावर, वाळूत आपटू देऊ नका. एक बादली तळ्याच्याच पाण्याने भरून शेजारी ठेवा, मासा लाइनसकट तिच्यात उतरवा, तडफड लगेच कमी होते आणि तुम्हालाही श्वास घ्यायला वेळ मिळतो. मग ओल्या हाताने पाठीवरून पोटाकडे सौम्य पकड, कल्ल्यात बोट घालायचं नाही, आणि लांब नाकाच्या पकडीने हुकाची दांडी धरून ज्या दिशेने शिरला त्याच्या उलट फिरवायचा. काटा दाबलेला असेल तर पाण्यातल्या पाण्यात निघतो, कधीकधी मासा हाताला लागायच्या आतच सुटून जातो. हुक गिळून आत खोल गेला असेल तर खेचू नका, तोंडाजवळ लाइन कापा आणि मासा सोडा, खेचून आतडी फाटण्यापेक्षा त्याच्या वाचण्याची शक्यता अशीच जास्त असते. खोल गिळायला नको असेल तर गोलाकार वळलेले हुक मिळतात, ज्यांचं टोक आत दांडीकडे वळलेलं असतं, ते बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यातच अडकतात. फक्त त्यात झटका अजिबात द्यायचा नसतो, नुसती लाइन ताणत आणायची, म्हणजे लहान मुलांना ते सोपंच.

मिशावाले मासे लागले तर जरा जपून. पाठीवरच्या पराला आणि दोन्ही बाजूंच्या परांना टणक काटे असतात, ते उघडून ताठ धरतात आणि टोचले तर चांगलं ठणकतं. मिशांनी काही होत नाही, मुलं मिशांनाच घाबरतात. मिशावाला असला तर मोठ्यानेच काढायचा.

फोटो काढायचा असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा, मग मासा उचला. आम्ही मुलींना सांगतो की मासा बाहेर आहे तोवर तुम्हीपण श्वास रोखून धरा. त्यामुळे फोटो फार पटकन होतात.

लेक रडली तर रडू दे. माझी थोरली पहिल्या माशाला रडलीच होती, तिने तो स्वतः पाण्यात सोडला, शेपटी हलवून गेला तेव्हा लगेच दुसरा पकडू म्हणाली. धरून ठेवायचे की सोडायचे हे मात्र घरून निघतानाच ठरवा, काठावर मासा हातात असताना वाद घालू नका.

पानगळ

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. सोडून द्यायचाच असेल तर पकडायचा कशाला? खायला पकडलं तर निदान कारण तरी आहे. २००३ साली ट्राउट माशांच्या तोंडाभोवती वेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचं संशोधन आलं, त्यानंतर "माशांना काही वाटत नाही" हे म्हणणं अवघड झालंय. गंमत म्हणून एखाद्याच्या ओठात हुक घालायचा आणि मग दयाळूपणे सोडून द्यायचा, यातून मुलांनी काय घ्यायचं? चहाच्या गाळण्याएवढी छोटी जाळी घेऊन काठावरचे किडे, टॅडपोल, झिंगे बघा ना, तेवढीच मजा येते.

गवताची_पात

तुमचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, मलाही तो प्रश्न पडतो. म्हणूनच आम्ही काटा दाबतो, दोन-चार मासे झाले की थांबतो, उन्हाळ्यात पाणी फार तापलं असेल तर जातच नाही कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो आणि दमलेला मासा सावरत नाही. खायला ठेवायचा तर बादलीत तासन् तास तडफडत ठेवायचा नाही, डोक्यावर डोळ्यांच्या मागे जड दांडक्याचा एक ठाम घाव, लगेच संपतं, मग बर्फात. ते मुलांसमोर करायचं की नाही हे आईबापांनी आपापलं बघावं. आम्ही करतो, लपवत नाही. पण हे सगळं धरूनही तुम्ही म्हणता तो प्रश्न पूर्ण सुटत नाही हे कबूल.

पानगळ

प्रामाणिक उत्तराबद्दल धन्यवाद. मी तरी जाळीच घेऊन जाईन.

तळ्याकाठचा

वाद घालत नाही, पण जाळी-बादलीची आयडिया वादाबाहेर काढून प्रत्येकानेच घ्यावी. ताईंचा धाकटा पाच मिनिटं बसत नाही ना, त्याला बसवूच नका. त्याचा गळ टाकायचा आणि काठी खाचेत टेकवून ठेवायची, तोवर तो दगड उलटे करून खालचे किडे बघेल, बादलीत पाणी आणेल, चिखल करेल. गप्प बसा मासे पळतील, हे आपण उगाच सांगतो. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बराचसा परतून जातो, बोललेलं माशाला फारसं पोचत नाही. पोचतं ते धपाधपा पाय आपटणं आणि लाकडी धक्क्यावर उड्या मारणं, कारण माशांच्या दोन्ही कुशींवर एक रेघ असते तिने ते पाण्यातली कंपनं टिपतात. म्हणून बडबड चालू दे, धावणं काठापासून लांब.

आणि कंटाळायच्या आधी उठा. मुलगी "अजून एक" म्हणत असतानाच. ५ वर्षांच्याला अर्धा तास पुष्कळ झाला.

कागदपत्रं_आधी

कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. परवानगी बघा. बऱ्याच ठिकाणी मासे धरायला परवाना लागतो, लहान मुलांना बहुधा सूट असते पण ती किती वयापर्यंत ते जागोजागी वेगळं, आणि मुलाच्या काठीला मदत करणाऱ्या मोठ्या माणसाला परवाना लागतो का हेही वेगळं. कुठल्या जाती धरायच्या नाहीत, किती लांबीच्या खालचा मासा सोडायचा, कुठल्या महिन्यांत अंडी घालायचा हंगाम म्हणून बंदी, हे तळ्याची मालकी ज्या खात्याकडे असते त्यांच्या पाटीवर किंवा साइटवर असतं. मासा ठेवायचा असेल तर फूटपट्टी बरोबर ठेवा, मुलांना मोजायला फार आवडतं. तळं धरणाचं असेल तर काठावरची सूचना वाचा, पाणी सोडतात तेव्हा भिंतीच्या खालच्या बाजूला पातळी अचानक वाढते.

वजनांबद्दल: शिशाची घेऊ नका, टंगस्टन किंवा कथलाची मिळतात. लहान मुलं ती दातांनी चिमटतात, मोठेही. शिवाय पाणपक्षी दाण्यांबरोबर गिळतात आणि शिशाची विषबाधा होऊन मरतात, इंग्लंडमध्ये हंस मरायला लागले म्हणून १९८७ पासून छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. आणि कापलेली लाइन काठावर टाकायची नाही, प्लास्टिकच असते ती, वर्षानुवर्षं कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायात गुंडाळली जाते. एक रिकामी बाटली ठेवा, सगळे तुकडे तिच्यात, ते काम धाकट्याला द्या.

तंबूतला

कॅम्पिंगच्या बाजूने दोन शब्द. तंबू पाण्यापासून निदान ६० मीटर लांब ठोका, पाण्याकाठी रात्री दव फार पडतं, डास असतात, आणि पाणी प्यायला येणाऱ्या जनावरांची वाट अडत नाही. रात्री मुलगा झोपेत उठून बाहेर गेला तर तेवढं अंतर मध्ये राहतं हेही आहेच. मासा साफ करायचा तर तंबूपासून आणि स्वयंपाकाच्या जागेपासून लांब, आतडी-कल्ले काठावर टाकून यायचं नाही, वासाने रात्री कोणते पाहुणे येतील सांगता येत नाही. ज्या कपड्यांना हात पुसले ते तंबूत घेऊन झोपू नका.

हुक लावलेल्या काठ्या तंबूत कधीच नाही. कॅम्पवर आलं की हुक कापून डबीत, डबीला झाकण, काठ्या झाडाला टेकवून. अंधारात अनवाणी पाय आणि हरवलेला हुक यांची गाठ पडतेच. म्हणून काठाकडे जाताना सगळ्यांच्या पायात बंद बूट.

दोघांची_आई

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना!! धागा नवऱ्याने पण वाचला, किट रद्द झालाय. लेकीला बटणवालं, धाकट्याला बिनरीळाची काठी, साहेबांच्या हातात पकड आणि माझ्या हातात बादली असं ठरलंय. खोडरबरचा सराव सुरू झालाय, एक कुंडी गेली. @पानगळ, जाळी पण घेतोय, खरंच छान सुचवलंत. पहिल्या दिवशी मासे सोडूनच देणार, दुसऱ्या दिवशीचं लेकीला ठरवू देऊ.

एकच शेवटचं, गांडुळं न्यायचं पक्कं झालंय (हो, मीच म्हणाले!) तर ती दोन दिवस जिवंत कशी ठेवायची? उन्हात मरतील ना?

साधी_काठी

मरतात, दुपारभर गाडीत राहिली तर नक्कीच आणि मग तो वास जाता जात नाही. झाकणाला बारीक भोकं पाडलेला डबा घ्या, त्यात ओलसर माती किंवा ओला करून पिळलेला वर्तमानपत्राचा कागद फाडून घाला, पाणी साचू द्यायचं नाही, ती बुडून मरतात. डबा सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळून. बर्फावर थेट ठेवू नका, गारठतात.

उरलेली काठावर सोडून येऊ नका. बाहेरून आलेली गांडुळं पसरली की जमिनीवरच्या पाचोळ्याचा थर भराभर संपवतात, उत्तर अमेरिकेतल्या जंगलांत हे झालंय आणि त्यात आमिष म्हणून नेलेल्या गांडुळांचाही वाटा आहे. घरी परत आणून कुंडीत टाका, म्हणजे जी फुटली नाही त्या कुंडीत. आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा हो, सकाळी अंधारात कोणीतरी खाऊचा म्हणून उघडतंच.